‘प्रत्येक’ म्हणण्याआधी

हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घ्या. देवळालीच्या शाळेत गणित शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी १९४९ साली शोधलेली एक रीत सांगतो. चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक आधी उतरत्या आणि मग चढत्या क्रमाने मांडायचे, आणि मोठीतून लहान वजा करायची; उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य धरायचं. ३५२४ घेऊ. ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, ८३५२. आणखी एकदा: ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ हलत नाही.

प्रत्येक चार अंकी संख्येचं असंच होतं का? ११११ घेऊन बघा, हाती शून्य येतं. ‘प्रत्येक’ने सुरू झालेलं विधान पाडायला ही एकटी ११११ पुरते. मात्र विधान पडलं म्हणजे ‘एकही संख्या ६१७४ला पोहोचत नाही’ असं ठरत नाही. ‘निदान एक पोहोचत नाही’ एवढंच ठरतं. या दोहोंतला फरक भल्याभल्यांच्या वादात हरवतो.

म्हणून नियम असा सांगावा लागतो: प्रत्येक चार अंकी संख्येबाबत, जर तिचे सगळे अंक सारखे नसतील, तर ती सात पायऱ्यांच्या आत किंवा सातव्या पायरीला ६१७४ला पोहोचते. आता ११११ आड येत नाही. तिच्यापुरता ‘जर’च खोटा आहे, आणि ‘जर’ खोटा असला की तेवढ्यापुरतं विधान खरंच धरतात. विधेय तर्कशास्त्रातल्या सर्वव्यापी विधानाचा घाट हाच. फ्रेगे यांनी १८७९ मध्ये तो प्रथम काटेकोर मांडला. ‘प्रत्येक’साठी आज वापरतात ती उलट्या ‘ए’ची खूण गेंट्झेन यांची.

कापरेकरांच्या संख्या मोजक्या, ८९९१. एकूण एक तपासता येतात. नैसर्गिक संख्या मात्र संपत नाहीत. ऑयलर यांचं सूत्र पाहा: संख्येच्या वर्गात तीच संख्या आणि ४१ मिळवा. शून्यापासून ३९पर्यंत दर वेळी मूळ संख्याच येते. ४०ला येते १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१. अशा ठिकाणी कोणतीही एक संख्या घेऊन, तिच्याबद्दल काही विशेष गृहीत न धरता युक्तिवाद करावा लागतो. तोच सर्वांना लागू पडतो.

दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, असं गोल्डबाख यांच्या १७४२च्या पत्रव्यवहारातून पुढे आलं. चारवर अठरा शून्यं इतक्या मोठ्या संख्येपर्यंत ते तपासून झालं आहे, एकही अपवाद सापडलेला नाही. तरीही गणिती त्याला प्रमेय म्हणत नाहीत, अटकळच म्हणतात.