हजेरीपट आणि काम

आरटी-पीसीआर हा शब्द 2020 साली घरोघर पोचला, पण तो विषाणू शोधण्यापुरताच. तेच यंत्र जनुक किती राबते हेही मोजते. हजेरीपटावर नाव असणे निराळे आणि पाळीत काम होणे निराळे, हे आम्हां कामगार संघटनेच्या माणसांस कोणी शिकवावयास नको.

नागपूरच्याच केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2005 साली दाखविले, की बीटी कपाशीच्या झाडात सर्वत्र तेच जनुक असूनही बोंडअळीस मारणारे प्रथिन पानांत सर्वाधिक असते आणि हिरव्या बोंडाच्या सालीत फार कमी. अळीला तर बोंडच हवे! शेतकऱ्याने बियाण्याचे पैसे मात्र पुरे मोजलेले.

त्यांनी प्रथिन मोजले. त्याआधीचा आरएनएचा निरोप हे यंत्र मोजते. निरोपाची डीएनएत नक्कल करून ती दर फेरीस दुप्पट करावयाची. नकला वाढतात तशी आत घातलेल्या रंगद्रव्याची चमक वाढते. ठरलेली चमक जितक्या कमी फेऱ्यांत येईल, तितका मूळ निरोप अधिक. दहा फेऱ्यांचा फरक म्हणजे सुमारे हजारपट.

पण महागाईचा निर्देशांक शेजारी ठेवल्यावाचून पगाराचा आकडा आम्ही मानीत नाही. येथेही स्थिर राबणारे दुसरे जनुक तुलनेस घ्यावे लागते. तेव्हा कोणी असा आलेख पुढे केला, तर ते दुसरे जनुक कोणते, आणि ते खरोखर स्थिर होते काय, हे आधी विचारावे.