ताळा आणि अकरा मिती
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी आधीच बजावलं होतं, की नोकरी, पगार, परदेश यांवर बोलायचं नाही. शाळा सोडल्यावर आवडीने शिकलेली एखादी गोष्ट सांगायची. मी संगणक अभियंता. भौतिकशास्त्र इंजिनिअरिंगपुरतंच शिकले. पण गेली काही वर्षं रात्री जेवणं आटोपली, की मी सुपरग्रॅव्हिटी या विषयावर वाचत बसते. ते आज विंझरला येऊन सांगावंसं वाटलं, कारण त्यातली मला भावलेली गोष्ट मी पहिल्यांदा इथल्याच फळ्यावर पाहिली होती. ती म्हणजे ताळा.

आठवतं ना? 23 गुणिले 14, उत्तर 322. अंकांची बेरीज 5 आणि 5, गुणाकार 25, म्हणजे 7. तिकडे 3, 2, 2 मिळून 7. ताळा जुळला! आपण खूश. मग सरांनी 322 पुसून 232 लिहिलं आणि म्हणाले, "आता करा." ताळा तरीही जुळला. ताळा चुकला तर उत्तर नक्की चूक. जुळला म्हणून ते बरोबरच, असं नाही.

आता सुपरग्रॅव्हिटी. निसर्गातले कण दोन जातींचे. एक बोसॉन, आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावाचे, दुसरे फर्मिऑन. प्रकाशाचा कण पहिल्या जातीचा, इलेक्ट्रॉन दुसऱ्या. या दोन्ही जातींची जोडी जमवणारा एक नियम असावा, अशी कल्पना निघाली. 1976 मध्ये फ्रीडमन, फेरारा आणि व्हॅन न्यूवेनहायझन यांनी तो गुरुत्वाकर्षणाला लावून दाखवला. गुरुत्वाच्या कणाला, ग्रॅव्हिटॉनला, ग्रॅव्हिटिनो नावाचा जोडीदार मिळाला. हीच सुपरग्रॅव्हिटी.

हे सगळं आपल्या चार मितींत: लांबी, रुंदी, उंची आणि काळ. पण मिती जास्त असल्या तर? विहिरीचा दोर लांबून नुसती रेघ दिसतो. त्यावरच्या मुंगीला मात्र दोराभोवती गोल फिरताही येतं. तशा काही मिती इतक्या बारीक गुंडाळलेल्या असतील, की आपल्याला त्या जाणवतच नाहीत. अशा किती चालतील? 1977 मध्ये वेर्नर नाम यांनी दाखवलं, की जास्तीत जास्त अकरा. त्यापुढे गेलं, की ग्रॅव्हिटॉनपेक्षा जास्त फिरकीचे कण घ्यावे लागतात आणि गणित कोलमडतं. पुढच्याच वर्षी क्रेमर, जूलिया आणि शेर्क यांनी अकरा मितींचा सिद्धांत प्रत्यक्ष लिहून काढला.

त्याचा ताळा पाहा. अकरा मितींत ग्रॅव्हिटॉनच्या 44 अवस्था, त्याच्या सोबतच्या एका क्षेत्राच्या 84. बेरीज 128. दुसऱ्या बाजूला एकटा ग्रॅव्हिटिनो, त्याच्या 128. जादाच्या सात मिती गुंडाळून चारवर आलं, की एका बाजूला 2, 56 आणि 70. दुसऱ्या बाजूला 16 आणि 112. पुन्हा 128 आणि 128! कण वेगळे दिसतात, हिशेब तोच राहतो.

1995 मध्ये एडवर्ड विटन यांनी सुचवलं, की दहा मितींचे पाच स्ट्रिंग सिद्धांत आणि ही अकरा मितींची सुपरग्रॅव्हिटी या एकाच गोष्टीच्या बाजू आहेत. आपल्याला हे समजायला जड नाही. तोरण्यावरून संजीवनी माची दिसते, दुसरीकडून सुवेळा. म्हणून राजगड दोन होत नाहीत.

या कामात आपला एक मराठी माणूसही आहे. गडहिंग्लजला जन्मलेले अतीश दाभोलकर. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं. अब्दुस सलाम यांनी 1964 मध्ये इटलीत ट्रिएस्टला सैद्धांतिक भौतिकशास्त्राचं आंतरराष्ट्रीय केंद्र सुरू केलं, त्याचे ते 2019 मध्ये संचालक झाले. कृष्णविवराच्या आत किती अवस्था दडल्या आहेत, हे त्याच्या क्षेत्रफळावरून सांगता येतं, असं बेकेनस्टाइन आणि हॉकिंग यांनी दाखवलं होतं. 1996 मध्ये स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी पाच मितींतल्या एका कृष्णविवराच्या अवस्था प्रत्यक्ष मोजल्या आणि उत्तर क्षेत्रफळाशी जुळलं. असा ताळा अधिकाधिक काटेकोर करणं, हे दाभोलकरांचं काम.

पण सरांचं 232 मी विसरलेले नाही. जिनिव्हाजवळच्या मोठ्या यंत्रात 2012 मध्ये हिग्ज कण सापडला. या जोडीदार कणांपैकी मात्र आजवर एकही सापडलेला नाही. पन्नास वर्षांचं इतकं सुंदर गणित, आणि प्रयोगाचा पुरावा शून्य. अतीश दाभोलकरांचे काका म्हणजे डॉ. नरेंद्र दाभोलकर. "पुरावा काय?" हा प्रश्न विचारायला त्यांनी महाराष्ट्राला शिकवलं. तो प्रश्न आकाशातल्या गणितालाही विचारायलाच हवा.

मी हे माझ्या कामात महागात शिकले. एकदा माझ्या प्रोग्रॅमच्या सगळ्या चाचण्या पास झाल्या, आणि तरी लोकांच्या पैशांचा हिशेब चुकला. चाचण्या मीच लिहिल्या होत्या आणि मुळात प्रश्नच चुकीचा समजले होते. तेव्हा रात्रभर जागून चूक शोधताना मला फळ्यावरचं ते 232 दिसत होतं.

मग सुपरग्रॅव्हिटी सोडून द्यायची का? मला नाही वाटत. ज्याचा ताळाच जुळत नाही, ते पुसून टाकता येतं. हे अजून पुसलं गेलेलं नाही, आणि त्याच्या निमित्ताने कृष्णविवरांबद्दल आणि शुद्ध गणितातही खूप काही कळलं. फक्त त्याला "सिद्ध झालं" म्हणायचं नाही.

सर, आज तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते. गुणाकार आता यंत्र करतं. तुमचा ताळा मात्र मला अजून रोज लागतो, आणि त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा, हेही तुम्हीच शिकवलंत.