तुका म्हणे, पण कोण म्हणे?

 

अंकाच्या बैठकीत वाद झाला, तो तुमच्यापुढं ठेवतो. आपल्या दिंडीच्या जुन्या वहीत एक अभंग आहे, शेवटी ‘तुका म्हणे’. थोरल्या माई तो दरसाल दिवेघाटाच्या चढावर म्हणायच्या. पोरांनी छापील गाथा चाळली, साडेचार हजारांवर अभंग पाहिले. कुठंच नाही. एकजण म्हणाला, ‘मग खोटा.’ माईंची सून बैठकीतून उठून गेली.

आता बघा, महाराज गेले १६५० च्या सुमाराला. इंदुप्रकाशची गाथा छापली १८६९ ते १८७३ मध्ये, ठिकठिकाणच्या जुन्या वह्या ताडून. मधली दोनशे वर्षं अभंग कुठं होते? वह्यांत होते, तसे तोंडातही होते. जात्यावरच्या बाईकडं वही कुठली? म्हणून छापलं तेवढंच खरं, हे मला पटत नाही.

पण उलट बाजूही आहे. नामदेवरायांच्या गाथेत विष्णुदास नामा या पुढच्या काळातल्या कवीचे अभंग मिसळले. कुणी चोरी केली नाही हो, नामा-नामा सारखं, गल्लत झाली. नाथबाबांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती अशीच भेसळ शिरली म्हणून. आणि यात आपली ओवी घालू नका, असं बजावूनही ठेवलं. प्रेमानंसुद्धा घालू नका, असाच मी त्याचा अर्थ घेतो.

मग माई ‘तुका म्हणे’ म्हणायच्या तेव्हा कोण बोलायचं? खरं सांगू, मला तेव्हा देहू आठवायचं नाही. घामेजलेल्या माईच दिसायच्या. उद्या कळलं की तो अभंग त्यांनीच जुळवला, तर? त्यांनी स्वतःचं नाव का नाही घातलं? भक्ती म्हणून, की बाईमाणसाचं कोण ऐकतंय म्हणून? हे मी जिवंतपणी त्यांना विचारलं नाही, याची मला चुटपुट आहे.

माझं मत असं की अभंग अंकात यावा, पण गाथेतल्या अभंगांच्या रांगेत नको. वेगळ्या पानावर, वर ‘दिंडीच्या वहीतून, थोरल्या माईंच्या तोंडचा’ असं लिहून. ‘तुका म्हणे’ आहे तसं ठेवायचं, तिथं हात लावायचा नाही.

वहीत तिसऱ्या चरणातली दोन अक्षरं पावसानं गेलीत. ती फक्त सूनबाईंना येतात. उद्या सकाळी मी आणि विणेकरी बुवा त्यांच्या घरी जाणार आहोत.