दोष नेमका कोठे शिरला?



आपल्या ज्ञातीतील अनेक तरुण-तरुणी आज संगणकाच्या व्यवसायात आहेत. त्यांच्या कामातील एक रीत आपणां सर्वांस उपयोगी पडण्याजोगी आहे. ती येथे सांगण्याचे योजिले आहे.

संगणकास द्यावयाच्या आज्ञांच्या संग्रहास प्रोग्रॅम म्हणतात. मोठ्या प्रोग्रॅमला शेकडो हात लागतात. म्हणून प्रत्येक फेरफाराची क्रमवार नोंद ठेवावी लागते. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली याच हेतूने 'गिट' ही जणू नोंदवहीच निर्माण केली. आता समजा, महिन्यापूर्वी सुरळीत चालणारा प्रोग्रॅम आज अडला आणि मध्यंतरी १,०२४ फेरफार झाले. त्यांतील दोषी कोणता? एकेक तपासू गेल्यास दिवस पुरणार नाहीत. यावर 'गिट बायसेक्ट' ही युक्ती आहे. निम्मे फेरफार झाले त्या वेळचा प्रोग्रॅम चालवून पाहावयाचा. तो चालला तर दोष उत्तरार्धात, अडला तर पूर्वार्धात. दोषी अर्धाचे पुन्हा दोन भाग करावयाचे. असे ५१२, २५६, १२८ करीत अवघ्या १० चाचण्यांत एकच फेरफार हाती उरतो! परीक्षा कशी घ्यावयाची हे एकदा लिहून दिले, की पुढील सारे शोधकार्य संगणक आपण होऊन करतो.

मात्र याला पथ्ये आहेत. प्रत्येक फेरफार लहान व स्वतंत्र हवा. नाहीतर दोषाऐवजी ढिगाराच सापडतो. परीक्षाही निःसंदिग्ध हवी. ती एकदा होय व एकदा नाही म्हणू लागली, तर निरपराध फेरफारावर ठपका येतो.

बंधुभगिनींनो, घरात वा संस्थेत काही बिघडले की शेवटी ज्याचा हात लागला त्यास, किंवा ज्याच्याविषयी मन आधीच कलुषित आहे त्यास, आपण दोषी धरतो. ही रीत नाव विचारीत नाही. जुन्याजाणत्याचा फेरफार आणि नवशिक्याचा फेरफार तिला सारखाच. शिवाय सापडतो तो फेरफार, गुन्हेगार नव्हे. पुष्कळदा त्या फेरफाराने पूर्वीचाच दडलेला दोष केवळ उघडकीस आणलेला असतो. म्हणून करणाऱ्यास जाब नव्हे, माहिती विचारावी.

संस्थेच्या जमाखर्चात फरक पडल्यास प्रथम सहामाहीची शिल्लक ताडून पाहावी, मग तिमाहीची. नोंदी चोख असतील तर चूक सापडेल आणि माणसेही दुरावणार नाहीत. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.