जुनं दुखणं आणि आजचा संसार
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही डॉक्टर नाही, गिरणी कामगार आहोत. पाळी संपल्यावर जे वाचलं, त्याच्या आधारावर बोलतो. दारू, संशय, अबोला, फारकत हे सगळं आपल्या वस्तीत आहे. त्यावर आपण दोनच उपाय जाणतो. चार वडीलधाऱ्यांनी बसून समज द्यायची, नाहीतर बाईला सांगायचं, 'सोस बाई, संसार आहे.' तिसरा उपाय म्हणजे बोलण्याचा उपचार. पण तो येड्यांचा म्हणून आपण त्याच्या वाटेला जात नाही.

या उपचाराला मनोगतिक उपचार म्हणतात. त्याचं मूळ व्हिएन्नाच्या डॉ. फ्रॉइड यांच्या मनोविश्लेषणात आहे. आपल्या देशात डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली कलकत्त्याला मनोविश्लेषणाची संस्था काढली. त्याच संस्थेने १९४० साली मनोरुग्णांसाठी रुग्णालय उभारलं. त्याचं नाव ठेवलं लुंबिनी पार्क! म्हणजे ही विद्या आपल्याला अगदीच परकी नाही.

आता उदाहरण घ्या. समजा, एका कामगाराला जॉबरने चारचौघांत शिवी दिली. तो तिथे गप्प बसला. घरी आला, भाजीत मीठ कमी, ताट भिरकावलं. राग जॉबरचा, निघाला बायकोवर. पण अजून खोल जा. लहानपणी त्याने आपल्या बापाला पाटलाच्या वाड्यासमोर मान खाली घालून उभं असलेलं पाहिलं होतं. तेव्हापासून कोणी साधी चूक दाखवली तरी त्याला अपमानच ऐकू येतो. का, ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. यालाच मनाची नेणीव म्हणतात.

आता बायकोचं बघा. तिचा बाप घर सोडून गेलेला. नवऱ्याला उशीर झाला की तिच्या पोटात गोळा येतो, ती दहा प्रश्न विचारते. तिला भीती वाटते, त्याला वाटतं झडती घेते. भांडतात ही दोघं, पण खरं भांडण दोन जुन्या दुखण्यांचं असतं. हे ओळखून लंडनमध्ये १९४८ सालापासून नवरा-बायकोला सोबत घेऊन काम सुरू झालं.

हा उपचार चालतो कसा? ठरलेला वार, ठरलेली वेळ, पाऊण ते एक तास. हे आठवड्यातून एकदा तरी, काही महिने, कधी वर्षानुवर्षे. समोरचा माणूस उपदेश करत नाही, पंचासारखा निवाडाही देत नाही. आपण कुठे अडतो, काय टाळतो, स्वप्नात काय दिसतं, हे तो ऐकतो. हळूहळू आपण त्याच्यावरच बापासारखे चिडू लागतो, नाहीतर त्याला घाबरू लागतो. तिथेच तो दाखवून देतो, की हा राग माझ्यावरचा नाही, जुना आहे. ते एकदा कळलं की माणूस ताट भिरकावण्याआधी थांबू शकतो.

बांधवांनो, आपल्याला याची गरज का, ते सांगतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरं जाळली गेली. पोचिराम कांबळे यांचा जीव घेतला गेला. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. पण ज्या लेकरांनी त्या रात्री आईच्या पदराआड काढल्या, ती आज पन्नाशी-साठीत आहेत. त्यांना कोणी विचारलं का, की तुला अजून झोप लागते का? मोर्चात आपण खूप बोललो, घरात बोललो नाही. न बोललेलं दुःख मग पोराबाळांवर निघतं.

काही गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. मनाचा उपचार म्हणजे अन्यायाशी तडजोड नव्हे. जातीचा अपमान खरा असतो. त्याला 'तुमच्या मनाचे खेळ' म्हणणारा उपचारक सरळ बदलावा. जिथे मारहाण आहे तिथे बाईला नवऱ्याशेजारी बसवून बोलतं करणं घातक आहे. तिथे आधी तिची सुरक्षितता आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा. कानात आवाज येत असतील, जीव द्यावासा वाटत असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञ गाठा.

लाज कशाची बाळगायची? र. धों. कर्वे संसारातल्या झाकलेल्या प्रश्नांवर 'समाजस्वास्थ्य' मासिकातून उघड लिहीत. त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांची वकिली बाबासाहेबांनी केली!

आपल्या शहरात घाटी दवाखान्यात केसपेपर काढून मनोविकारतज्ज्ञाला भेटता येतं. २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे. तो फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आम्ही सांगितलेला लांबचा उपचार खाजगीत खर्चिक आहे आणि तो नीट शिकलेली माणसं थोडी आहेत. म्हणून शिक्षण आणि नोंदणी विचारूनच जा. सांगितलेलं गुप्त राहावं हा २०१७ च्या कायद्याने आपला हक्क आहे.

विहार समितीला एकच विनंती. आठवड्यातून एक संध्याकाळ जाणकार माणसाला इथे बोलवा आणि एक खोली मोकळी ठेवा. धम्मपदाची सुरुवातच मनापासून होते. मग मनाच्या दुखण्याला विहारात जागा नको का?