भूक प्रेक्षकांची, गल्ला मालकांचा

स्वस्तात काढायचे आणि हिंसा, कामवासना, अमली पदार्थ यांच्या आमिषावर गल्ला भरायचा, अशा चित्रपटांना अमेरिकेत ‘शोषणपट’ म्हणतात. १९३४ पासून मोठ्या स्टुडिओंवर नीतिसंहितेची काटेकोर अंमलबजावणी सुरू झाली, आणि तिने वर्ज्य ठरविलेल्या विषयांवर हा धंदा पोसला गेला.

तथापि केवळ आंबटशौक म्हणून त्याची बोळवण करता येत नाही. १९७१ साली मेल्विन व्हॅन पीबल्स या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने स्वबळावर ‘स्वीट स्वीटबॅक्स बॅडास साँग’ काढला. प्रारंभी तो डेट्रॉइट व अटलांटा येथील अवघ्या दोन चित्रपटगृहांत लागला, आणि पाहता पाहता लाखो डॉलर कमावून गेला. जुलमी गोऱ्या पोलिसांवर हात उगारणारा काळा माणूस येथे अखेरीस मारला जात नाही, निसटतो. एवढे पाहण्यासाठी लोक आसुसलेले होते. ज्या ब्लॅक पँथर पक्षावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतले, त्याचे नेते ह्यूई न्यूटन यांनी हा चित्रपट क्रांतिकारक ठरविला.

पुढे मोठ्या कंपन्यांनी त्या बंडखोराचा रुबाब आणि बंदूक तेवढी उचलली. १९७२ च्या ‘सुपर फ्लाय’चा नायक कोकेन विकणारा होता, नागरी हक्कांच्या संघटनांनी अशा चित्रपटांविरुद्ध आघाडी उभारली. दशक संपण्यापूर्वीच लाट ओसरली आणि कृष्णवर्णीय नटांचे काम आटले.

सवंगतेचा धिक्कार करणे सोपे आहे. पण ज्याला प्रतिष्ठित पडद्यावर बहुधा नोकराचीच भूमिका मिळाली, तो आपला नायक शोधत बाजारात जाणारच. त्याची भूक खरी होती. ती ओळखण्यात बाजार आपल्या पुढे गेला, हे परिवर्तनवाद्यांनी विसरता कामा नये.