संविधान वाचावे कशासाठी?

(व्याख्यानाचा मजकूर)



नागपुरात नोव्हेंबरच्या अखेरीस दोन दिवस अवघ्या तीन दिवसांच्या अंतराने येतात. 23 नोव्हेंबर रोजी सीताबर्डी परिसरातील गोवारी स्मारकापाशी विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून माणसे येतात, फुले वाहतात आणि परततात. 26 नोव्हेंबर रोजी शाळा-कार्यालयांतून संविधानाच्या उद्देशिकेचे सामूहिक वाचन होते. या दोन दिवसांचा परस्परसंबंध मात्र फारसा कोणी सांगत नाही.

23 नोव्हेंबर 1994 रोजी हिवाळी अधिवेशनाच्या काळात गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाकडे निघाला होता. परंपरेने गुरे राखणारा हा समाज. अनुसूचित जनजातीच्या सवलती मिळाव्यात, ही त्याची मागणी. मोर्चा अडविण्यात आला, लाठीमार झाला, चेंगराचेंगरी उडाली आणि 114 जण मृत्युमुखी पडले. त्यांत स्त्रिया व मुले अधिक होती.

वाद होता दोन शब्दांचा. महाराष्ट्राच्या अनुसूचित जनजातींच्या यादीत 18 व्या नोंदीखाली ‘गोंड गोवारी’ असा उल्लेख आहे. त्या नावाची निराळी जमात उरलेलीच नाही, तो उल्लेख गोवारींचाच होय, असे समाजाचे म्हणणे. दोन शब्दांमधील स्वल्पविराम गळाला, असेही विदर्भात अनेक वर्षे बोलले जाते. व्याकरणातील एवढेसे चिन्ह. पण त्यावर पिढ्यांचे शिक्षण आणि नोकऱ्या अवलंबून! ऑगस्ट 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निर्णय दिला. 18 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. गोंड गोवारी व गोवारी हे भिन्न असून यादीतील नोंद न्यायालयास बदलता येत नाही, असे त्या न्यायालयाने सांगितले.

मग ती बदलण्याचा अधिकार कोणास? उत्तर अनुच्छेद 342 मध्ये आहे. त्याच्या पहिल्या खंडानुसार राष्ट्रपती राज्यपालांशी विचारविनिमय करून यादी अधिसूचित करतात. दुसऱ्या खंडानुसार तीत भर घालणे वा तीतून काही वगळणे केवळ संसदेच्या कायद्यानेच शक्य आहे. राज्याला शिफारस करता येते, अक्षर बदलता येत नाही. ज्या दारावर तो मोर्चा जाणार होता, त्या दारामागे ती लेखणी नव्हतीच. यावरून मोर्चेकऱ्यांचे चुकले असा निष्कर्ष काढणे घोर अन्यायाचे ठरेल. गाऱ्हाणे आपल्या प्रतिनिधीकडे न्यावे, हीच लोकशाहीची रीत. चूक असलीच तर ती अधिकार कोणाचा हे न सांगता आश्वासने देत राहिलेल्यांची. आणि लिहिता-वाचता येत असूनही ते पान कधी न उघडणाऱ्या सुशिक्षितांचीही.

हाच धडा नागपूरच्या विणकर वस्त्यांनीही घेतला आहे. ‘हलबा’ या नोंदीवर कोष्टी समाजातील अनेकांनी दावा केला होता. 28 नोव्हेंबर 2000 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, यादी जशी लिहिली आहे तशीच वाचावी लागेल, असा निर्णय दिला. अंतिम झालेले प्रवेश व नियुक्त्या अबाधित राहिल्या, तथापि जात वैधतेची टांगती तलवार अनेक घरांवर पुढेही राहिली.

नागपूरला अभिमान वाटावा अशीही एक गोष्ट आहे. 2005 साली नागपूर जिल्हा परिषदेचे तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी ई. झेड. खोब्रागडे यांनी शाळांतून उद्देशिका वाचनाचा उपक्रम सुरू केला. केंद्र शासनाने 26 नोव्हेंबर हा संविधान दिन म्हणून घोषित केला तो त्यानंतर दहा वर्षांनी, 2015 मध्ये. परंतु उद्देशिका हे महाद्वार आहे. तेथूनच नमस्कार करून परतणाऱ्यास आत काय आहे ते कसे कळणार?

सुशिक्षितांच्या बैठकीतही ऐकू येते की, नागपूरला अधिवेशन भरते ते संविधानात लिहिले आहे म्हणून. तसे नाही. ती तरतूद 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारातील आहे. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील प्रभृतींनी त्यावर स्वाक्षऱ्या केल्या. 2020 व 2021 ची हिवाळी अधिवेशने महासाथीच्या काळात मुंबईत झाली, तेव्हा करार मोडला की संविधान, याचा घोळ त्यामुळेच होतो. संविधानाच्या अनुच्छेद 371(2) मध्ये आहेत ती विकास मंडळे, निधीचे समन्यायी वाटप, तंत्रशिक्षण व शासकीय सेवेतील संधी. तेथेही राष्ट्रपती राज्यपालांवर ही विशेष जबाबदारी सोपवू ‘शकतात’. सोपविलीच पाहिजे, असे बंधन नाही. 1994 मध्ये अस्तित्वात आलेल्या विदर्भ विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. तिच्याविषयी मागणी करणाऱ्याने प्रथम ते एक क्रियापद वाचले पाहिजे. मंडळाच्या कार्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, असेही तोच अनुच्छेद सांगतो. तो अहवाल मागणारे नागरिक किती निघाले असतील?

विश्वस्तांना हे निराळे सांगणे नको. न्यासपत्र न वाचता कारभार पाहणाऱ्या विश्वस्ताची धर्मादाय आयुक्तांपुढे काय अवस्था होते, ते येथील अनेकांनी पाहिलेले असेल. संविधानाची मराठी प्रत शासनानेच प्रसिद्ध केलेली आहे. अनुच्छेद 342 तीत अर्धे पानही व्यापत नाही.